रंगाईचे सांडपाणी : रंग गेला, पण मिठाचे काय?

नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूर भागाला क्षारांचा प्रश्न नवा नाही. डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्याने नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील अहवाल १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. अशा जमिनीला टंचाईच्या वर्षी कारखान्याचे शुद्ध केलेले पाणी द्यावे काय? कापड रंगाईचे पाणी असेल तर फार जपून. (कपडे शिवण्याच्या कारखान्यातून असे पाणी निघत नाही; ते रंगाई-धुलाईतून निघते.)

सुती कापडावर रंग चढावा म्हणून द्रावणात मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात. गडद रंगाला ते दर लिटरला ५० ग्रॅमहूनही जास्त लागते. कापड रंग घेते; मीठ पाण्यातच राहते. चुना-तुरटीने गाळ बसतो, रंग फिका पडतो, पाणी नितळ दिसते. मीठ मात्र होते तेवढेच असते.

त्यासाठी मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा वापरतात व पाणी दाबाने त्यातून ढकलतात. मोठ्या छिद्रांचा पडदा फक्त गाळ अडवतो. नॅनो पडदा रंगाचे कण व सल्फेट अडवतो, पण साधे मीठ बरेचसे सोडून देतो. मीठ अडते ते आर.ओ. पडद्यावर. म्हणून 'मेम्ब्रेन बसविले आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कोणते, हे विचारावे. शिवाय अडलेले सर्व क्षार उरलेल्या थोड्या पाण्यात साठतात. ते आटवून घट्ट केले नाही आणि ओढ्यात सोडले, तर विहिरींना धोका कायमच.

तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगाईचे पाणी नोय्यल नदीतून ओरतुपाळयम धरणात साठले आणि सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणीच शेतीला निरुपयोगी झाले. तेथील शेतकरी न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

आपल्या शेताचा हिशेब करून पाहा. पाण्यात दर लिटरला २ ग्रॅम क्षार असतील, तर ७.५ सें.मी. खोलीच्या एका पाळीत एकरी सुमारे ६०० किलो क्षार जमिनीत जातात. भारी काळ्या जमिनीत सोडियम चिकणमातीला चिकटतो, निचरा बंद पडतो व जमीन चोपण होते. ऊस आणि द्राक्ष क्षारांना नाजूक आहेत. कापूस त्या मानाने सोशिक.

पाणी घेण्यापूर्वी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून एक लिटर नमुना भरावा व प्रयोगशाळेत सामू, विद्युत वाहकता, सोडियमचे प्रमाण (एस.ए.आर.) आणि क्लोराइड तपासून घ्यावे. विद्युत वाहकता २.२५ डेसीसायमनपेक्षा जास्त असल्यास भारी जमिनीला ते पाणी देऊच नये. कारखान्याचे पाणी रोज सारखे नसते, म्हणून नमुना दर महिन्याला घ्यावा आणि तो आपण स्वतः भरावा.