लीज की लायसन्स? भाड्याच्या घराबद्दलचे सात गैरसमज

मीरा रोड आणि भाईंदरला स्टेशनबाहेर पडले की इस्टेट एजंटच्या पाट्या सुरू होतात: वन आरके, वन बीएचके, हेवी डिपॉझिट, फॅमिली ओन्ली. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेले हे गाव २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेले होते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे दहिसर चेकनाका ओलांडून इकडे आली. त्यांतल्या कितीतरी जणांनी इथला पहिला संसार भाड्याच्याच घरात मांडला.

या घरांचा व्यवहार ज्या कागदावर होतो, त्याला सगळे सरसकट ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. त्यावर ठळक अक्षरांत ‘लीव्ह अँड लायसन्स’ छापलेले असते. बोलताना मात्र कोणी ‘लीज केली’ म्हणतो, कोणी ‘रेंट अ‍ॅग्रीमेंट’. लीज आणि लायसन्स हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण कायद्यात त्यांचे अर्थ खूप वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे मालक घर द्यायला घाबरतो, राहणारा रात्री निवांत झोपत नाही आणि चांगली घरे कुलूप लावून पडून राहतात. ही भीती बरीचशी बिनबुडाची आहे, म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज १: लीज आणि लायसन्स एकच, फक्त नावे दोन.

वस्तुस्थिती: लीजची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये आहे. लीजमध्ये मालक मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्कच ठरावीक काळासाठी दुसऱ्याला देतो. त्या जागेत भाडेपट्टेदाराचा हितसंबंध निर्माण होतो. करारात मनाई नसेल तर तो आपला हक्क पुढे दुसऱ्यालाही देऊ शकतो. मालकाने घर विकले, तरी नव्या मालकाला तो भाडेपट्टा मानावा लागतो.

लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. लायसन्स म्हणजे निव्वळ परवानगी. ती नसती तर आत राहणे बेकायदा ठरले असते, एवढाच तिचा अर्थ. जागेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही, ताबा कायद्याच्या नजरेत मालकाचाच राहतो. निवासाची परवानगी ज्या माणसाला दिली त्याच्यापुरतीच असते, ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. घर विकले गेले तर नवा मालक त्या परवानगीला बांधील राहत नाही. मुंबईत आणि आसपास घरे देताना गेली कित्येक वर्षे हा दुसरा मार्ग वापरला जातो.

गैरसमज २: घर भाड्याने दिले की भाडेकरू हक्क सांगतो आणि निघत नाही.

वस्तुस्थिती: ही भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. त्यातून सुटण्यासाठी मालक लायसन्स देऊ लागले. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘एकदा आत घेतला की गेला फ्लॅट’ ही धास्ती त्या पिढीच्या मनात तेव्हा बसली, आणि घराघरांतून ती पुढच्या पिढीपर्यंत आली.

पण तो कायदा आता लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की जागा सोडणे बंधनकारक आहे. सोडली नाही, तर मालक दिवाणी कोर्टाऐवजी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यावर राहणाऱ्याने ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. लेखी करारात जे नमूद आहे, तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो.

गैरसमज ३: अकरा महिन्यांचे अ‍ॅग्रीमेंट नोंदवावे लागत नाही, नोटरी पुरे.

वस्तुस्थिती: या अकरा महिन्यांचे मूळ नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीची लीज नोंदवलीच पाहिजे, असे तो सांगतो. म्हणून वर्षाच्या आत राहण्याची युक्ती निघाली आणि पुढे तिचा रिवाज झाला. महाराष्ट्रात तिचा उपयोग उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, मुदत कितीही असो. स्टॅम्प पेपरवर करार टाइप करून नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे नोंदणी झाली असे होत नाही.

नोंदणीची जबाबदारी या कलमाने मालकावर टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा फटका वेगळाच आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटी-शर्तींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोटे ठरवायचे असेल तर तसा पुरावा आणावा लागतो. पैसे वाचवायला निघालेला मालक स्वतःचेच हात बांधून घेतो.

गैरसमज ४: नोंदणीला फार खर्च येतो आणि दिवस मोडतो.

वस्तुस्थिती: हिशेब करून पाहू. भाईंदरचा एक वन बीएचके, महिना भाडे १९,००० रुपये, परत मिळणारे डिपॉझिट १,२०,००० रुपये, मुदत २४ महिने. एकूण भाडे झाले ४,५६,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरले जाते, म्हणजे दोन वर्षांचे २४,०००. बेरीज ४,८०,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १,२०० रुपये. महानगरपालिका क्षेत्रातली नोंदणी फी १,००० रुपये. दस्त हाताळणीचा आणि एजंटचा खर्च वेगळा, पण सरकारी शुल्काचा मोठा भाग एवढाच. दोन वर्षांच्या व्यवहारापुढे २,२०० रुपये म्हणजे काहीच नाही.

शिवाय ही नोंदणी ऑनलाइन होते. मालक, राहणारा आणि साक्षीदार यांचा फोटो, अंगठा आणि आधारची पडताळणी घरबसल्या करता येते. साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला हाच दर आहे, त्यामुळे दर अकरा महिन्यांनी नवा कागद करण्याचे कारण नाही. साठ महिन्यांच्या पुढे गेले की मुद्रांकासाठी तो करार लीजसारखा धरला जातो.

गैरसमज ५: हेवी डिपॉझिट दिले की भाडे नाही, म्हणजे कागदही नको.

वस्तुस्थिती: मीरा-भाईंदरमध्ये हा व्यवहार फार दिसतो. राहणारा पाच-दहा लाख एकरकमी देतो, भाडे शून्य किंवा नाममात्र, आणि जाताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. पण हेही लायसन्सच आहे आणि नोंदणी इथेही सक्तीची आहे. डिपॉझिटवर व्याज धरण्याचा नियम अशा व्यवहाराला थेट लागू पडतो: १०,००,००० रुपये, २४ महिने, व्याज २,००,०००, मुद्रांक शुल्क ५०० रुपये.

खरी जोखीम इथे राहणाऱ्याची आहे. लायसन्समुळे घरात त्याचा हितसंबंध तयार होत नाही, म्हणजे त्याच्या दहा लाखांना त्या भिंतींचे तारण नसते. मालकाने गृहकर्ज थकवले, तर बँक २००२ च्या सर्फेसी कायद्याखाली घराचा ताबा घेऊ शकते, आणि मालकाने दिलेल्या परवानगीच्या जोरावर तिला अडवणे कठीण. म्हणून घरावर कर्ज आहे का, हप्ते वेळेवर जातात का, हे आधी विचारावे. डिपॉझिट बँकेतूनच द्यावे आणि व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्यावा. आयुष्याची पुंजी नुसत्या विश्वासावर कोणाच्या हाती देऊ नये.

गैरसमज ६: लायसन्सवाल्याला काहीच हक्क नाहीत, मालक कधीही बाहेर काढू शकतो.

वस्तुस्थिती: हा समज मालकांच्या बाजूचा, आणि तितकाच चुकीचा. परवानगी रद्द करता येते, पण करारात ठरलेल्या नोटिशीनुसार. परवानगी संपल्यावर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असे १८८२ चा सुविधाधिकार अधिनियमच सांगतो. पैसे घेऊन परवानगी दिली आणि राहणाऱ्याची काही चूक नसताना मुदतीआधीच बाहेर काढले, तर तो भरपाई मागू शकतो. कुलूप बदलणे किंवा सामान जिन्यात आणून ठेवणे हा मालकाचा अधिकार नाही. घर खाली करून घ्यायचा रस्ता सक्षम प्राधिकाऱ्याकडून जातो.

आणखी एक गोष्ट. ‘लायसन्स’ हे शीर्षक दिले म्हणून करार लायसन्स ठरतोच असे नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधल्या केशकर्तनाच्या जागेचा खटला आला होता. कागदावर ‘लायसन्स’ लिहिलेले असूनही, त्या जागेचा स्वतंत्र ताबा आणि करारातल्या अटी पाहून न्यायालयाने तो व्यवहार लीज मानला. शीर्षकापेक्षा दोन्ही बाजूंचा हेतू महत्त्वाचा, हे तत्त्व तेव्हापासून सर्वत्र सांगितले जाते. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेला नमुना न वाचता वापरू नये.

गैरसमज ७: बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते.

वस्तुस्थिती: मुदत अधिनियम, १९६३ मधला बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन ठेवलेल्या ताब्याबद्दल आहे. परवानगीने राहणारा कितीही वर्षे राहिला तरी तो परवानगीनेच राहिला. परवानगी देणाऱ्याला ताब्याचा हक्कच नव्हता, असे त्याला म्हणता येत नाही. पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ११६ मध्ये हे होते, आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२२ मध्येही आहे. चांगले कुटुंब अकराव्या महिन्याला केवळ या भीतीने बदलणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे. मुलांची शाळा, आईची दवाखान्याची सोय, ओळखीचा शेजार, सगळे त्यात तुटते.

सही करण्यापूर्वी

राहणाऱ्याने इंडेक्स टू किंवा खरेदीखत पाहून मालक खरोखर तोच आहे याची खात्री करावी. कराराच्या परिशिष्टात विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि वीजमीटरचा क्रमांक बरोबर आहे का, तेही पाहावे. लॉक-इन, नोटिशीची मुदत आणि डिपॉझिट परत करण्याचा दिवस स्वच्छ लिहिलेला असावा. रंगकामाच्या नावाखाली किती रक्कम कापणार, हे आधीच ठरवावे. नोंदवलेल्या कराराची प्रत मागून घ्यावी, ती आपली आहे.

मालकाने राहणाऱ्याची माहिती पोलिसांना कळवावी. इथले पोलीस ठाणे २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली येते. दस्त नोंदवला म्हणजे पोलिसांना कळवले असे होत नाही, ती दोन वेगळी कामे आहेत. सोसायटीला आधी सूचना आणि कराराची प्रत द्यावी. सोसायटीने घ्यायचे बिनभोगवटा शुल्क, महापालिकेचे कर वगळून, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, असे १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश सांगतो.

नोंदवलेल्या लायसन्समुळे मालकाचे घर मालकाचेच राहते, आणि राहणाऱ्याला ठरलेल्या मुदतीपुरते हक्काने राहता येते. मीरा-भाईंदरसारख्या गावात, जिथे पुढच्या वर्षीही हजारो कुटुंबे डोक्यावर छप्पर शोधत येणार आहेत, तिथे बंद फ्लॅटची कुलपे उघडण्यासाठी नवा कायदा लागणार नाही. आहे तो करार दोघांनी नीट वाचून नोंदवला, तरी पुष्कळ होईल.