छक्कडीतील यमक

अण्णाभाऊ साठे, अमरशेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गाजविलेल्या गीतांत ‘माझी मैना’ ही अण्णाभाऊंची छक्कड (लावणीचा एक प्रकार) रचनादृष्ट्या विशेष अभ्यसनीय आहे. कारण पोटासाठी मुंबईस आलेल्या मजुराची विरहव्यथा वर्णिता वर्णिता ती बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपाशी, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपाशी, केव्हा येऊन ठेपते हे श्रोत्यास उमगतही नाही. आखूड चरणखंडांवर एकच अंत्ययमक लागोपाठ आदळत राहते, उत्कंठा ताणली जाते, आणि मग ध्रुवपद येताच सारा जमाव ते उचलतो. ग्रांथिक अभिरुचीस असे यमक बाळबोध वाटेल खरे. परंतु निरक्षर श्रोत्याच्या स्मरणात गीताची नोंद कायम होते ती या यमकाच्याच बळावर. अर्थात बुलंद आवाज व डफाचा ठेका यांविना, निव्वळ छापील कागदावर, छक्कडीचा निम्मा जोर हरपतो.