मूत्राशयाचा लघुपेशी कर्करोग : निदान आणि उपचारांचा क्रम

मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग त्याच्या आतील अस्तराच्या पेशींपासून उद्भवतात आणि त्यांची उपचारपद्धती बरीचशी ठरून गेलेली आहे. मात्र एकूण रुग्णांपैकी एक टक्क्याहूनही कमी जणांत आढळणारा लघुपेशी कर्करोग या चौकटीत बसत नाही. फुप्फुसातील त्याच नावाच्या रोगाप्रमाणे तो झपाट्याने वाढतो, आणि निदान होईपर्यंत अनेकदा मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेला किंवा लसिकाग्रंथी, यकृत व हाडांपर्यंत पसरलेला असतो. लघवीतून वेदनेविना रक्त जाणे हे त्याचे लक्षण इतर प्रकारांतही आढळत असल्यामुळे त्याची खरी ओळख विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतच पटते.

मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढलेल्या गाठीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवले जातात, मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्यांचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात आणि ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. तेथे गडद निळ्या-जांभळ्या केंद्रकांची दाटी दिसते. भोवतीचा पेशीद्रव नाममात्र असतो, शेजारची केंद्रके एकमेकांना दाबून आकार बदलतात आणि जागोजाग विभाजन पावणाऱ्या व मृत पेशी आढळतात. या पेशी इतक्या नाजूक असतात की तुकडा काढताना थोडा जास्त दाब पडला, तरी केंद्रके चिरडून त्यांच्या नुसत्या निळ्या रेघा उरतात आणि लिम्फोमाशी, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाशी, गल्लत होण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि सीडी५६ या प्रथिनांचा प्रतिपिंडांच्या साहाय्याने शोध घेतला जातो. ती सापडल्यास पेशींचे चेतासंप्रेरकी स्वरूप, म्हणजे चेतापेशी व संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी यांच्याशी असलेले साम्य, स्पष्ट होते.

हे निदान उपचारांचा क्रमच बदलते. डोळ्यांना दिसणारा रोग मूत्राशयापुरता असला, तरी सूक्ष्म प्रसार झालेला असण्याची शक्यता मोठी असल्याने, प्रकृतीला झेपणार असल्यास आधी सिस्प्लॅटिन व इटोपोसाइड या औषधांच्या साधारणतः चार फेऱ्या दिल्या जातात आणि त्यानंतर मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले जातात. गाठीत नेहमीच्या प्रकारासोबत लघुपेशींचा अंश थोडाच असला, तरी उपचारांची दिशा बहुधा तोच अंश ठरवतो. त्यामुळे अहवालात असा संशय नोंदलेला असेल, तर मूळ काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे या रोगाचा अनुभव असलेल्या विकृतितज्ज्ञाकडून विनाविलंब पुन्हा तपासून घ्यावेत आणि त्यानंतरच शस्त्रक्रियेचा निर्णय करावा.