कॉफी आंबट की कडू? आधी दळण बघा!

आज बोलूया पोर-ओव्हर कॉफीबद्दल. कागदी फिल्टरमध्ये कॉफीची पूड, वरून हळूहळू गरम पाणी, खाली कपात कॉफी. बस्स! १९०८ मध्ये जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ यांनी चक्क वहीतला टीपकागद वापरून हा प्रकार काढला.

ऐकायला सोपं आहे. पण चिकमगळूरचं चांगलं महागडं पाकीट आणावं आणि कप आंबटढाण निघावा, असं होतं ना? मग आपण पाकिटाला नावं ठेवतो. मी म्हणतो, आधी दळण बघा.

का? तर ढोबळमानाने सांगायचं झालं, तर पाण्यात आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा, आणि शेवटी कडूपणा. पूड जाड असली की पाणी भसकन निघून जातं आणि गाडी आंबटावरच थांबते. पूड पिठासारखी बारीक असली की पाणी तुंबतं आणि कडू, तुरट चव येते. आपल्याला हवंय मधलं, साधारण बारीक रव्यासारखं.

आता कृती. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी. वजनकाटा घ्याच, चमच्याचा भरवसा नाही. पूड चिकोरीवाली नको, तिची चव बियांच्या चवीवर बसते. फिल्टर गरम पाण्याने धुऊन ते पाणी ओतून द्या, म्हणजे कागदाचा वास जातो. मग ४५ ग्रॅम पाणी घाला आणि ४० सेकंद थांबा. पूड फुगेल, बुडबुडे येतील. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. तो आधी निघाला की पुढचं पाणी सगळीकडे नीट मुरतं. मग गोल गोल ओतत १५० ग्रॅमपर्यंत या, जरा थांबा, आणि २५० पूर्ण करा. एकूण अडीच ते तीन मिनिटं लागायला हवीत.

आता प्या. आंबट लागली? उद्या दळण एक घर बारीक. कडू लागली? एक घर जाड. बाकी काहीही बदलू नका. दळण, पाणी, वजन, सगळं एकदम बदललं तर नेमकं काय सुधारलं ते कळणारच नाही.

घरी ग्राइंडर नाही? मग दुकानातूनच पोर-ओव्हरसाठी दळून आणा आणि पाण्याशी खेळा. आंबट असेल तर उकळी फुटल्या फुटल्या ओता, कडू असेल तर दोन मिनिटं निवू द्या. आणि हो, बोअरचं जड पाणी टाळा. त्यातले क्षार कॉफीतलं आम्ल मारतात आणि कप सपक होतो.

तर या आठवड्याचा होमवर्क: पाकीट एकच, तीन दिवस, तीन दळणं. चव मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. नवीन पाकीट त्यानंतर! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.