एसीचा गॅस बदलला, तेलाचे काय?

वातानुकूलन यंत्र बिघडले की घरात चर्चा होते ती ‘गॅस’ची. गॅस संपला का, कोणता भरला, किती भरला, हे प्रश्न ग्राहक हमखास विचारतो. मात्र त्याच नळ्यांतून गॅसच्या सोबतीने फिरणाऱ्या तेलाची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः दुरुस्तीनंतर थोड्याच काळात कॉम्प्रेसर जळण्याचे एक कारण तेलाची चुकीची निवड किंवा निष्काळजी हाताळणी हे असते.

घरगुती फ्रिज आणि एसीमध्ये कॉम्प्रेसर व त्याची मोटार एकाच सीलबंद डब्यात असतात. त्यातील तेल कारखान्यातच भरले जाते आणि यंत्र उघडावे लागले नाही, तर ते सहसा अखेरपर्यंत पुरते. हलत्या भागांची झीज रोखणे, त्यांमधील सूक्ष्म फटी बुजवणे आणि उष्णता वाहून नेणे ही त्याची कामे. मोटारीची गुंडाळीही याच तेलाच्या सान्निध्यात असल्याने ते उत्तम विद्युतरोधक असावे लागते. शिवाय थोडे तेल गॅसबरोबर बाहेर पडतेच. ते परत येण्यासाठी गॅसमध्ये विरघळणे आवश्यक असते. न विरघळल्यास ते कूलिंग कॉइलमध्ये साचते; परिणामी थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसर कोरडा पडू लागतो.

गॅस तसे तेल

जुन्या फ्रिजमधील आर-१२ हा गॅस खनिज तेलात सहज मिसळत असे. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला मारक ठरलेला हा गॅस टप्प्याटप्प्याने बाद झाला आणि आर-१३४ए आला. परंतु खनिज तेलाशी त्याचे जमेना. त्यासाठी पॉलिओल एस्टर, म्हणजेच ‘पीओई’ हे कृत्रिम तेल पुढे आले. आजच्या एसींतील आर-४१०ए आणि आर-३२ यांनाही पीओई किंवा पॉलिव्हिनिल ईथर (पीव्हीई) वर्गातील तेल लागते. जुन्या एसींतील आर-२२ला मात्र खनिज किंवा अल्किलबेंझीन तेल चालते. फ्रिजमधील आर-६००ए आणि काही एसींतील आर-२९० हे हायड्रोकार्बन वायूही खनिज तेलात मिसळतात.

मोठ्या शीतगृहांतील अमोनियाची तऱ्हा निराळी. तो खनिज तेलात फारसा विरघळत नाही. पण तेल द्रव अमोनियाहून जड असल्याने तळाशी साचते आणि तेथून काढून घेता येते. एस्टर तेलाशी अमोनियाची रासायनिक क्रिया होत असल्याने तेथे पीओई वर्ज्य होय.

मोटारगाडीच्या एसीत पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला बहुधा ‘पॅग’ तेल लागते. विजेवरील आणि हायब्रिड गाड्यांत मात्र कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. पॅगची विद्युतरोधकता कमी असल्याने तेथे सामान्यतः पीओई वापरतात. अशा गाडीत चुकून पॅग गेल्यास विद्युतरोधन ढासळू शकते.

पाण्याचे वावडे

पीओईचा मोठा दोष म्हणजे ते हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून पाणी बाहेर पडून एस्टर बनते. पाणी पुन्हा मिळाले की हीच क्रिया उलट होऊन आम्ल तयार होऊ लागते. हे आम्ल तांबे आणि मोटारीचे आवरण यांना पोखरते. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला तेलाचा डबा म्हणूनच संकटाला आमंत्रण ठरतो. व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या होतात. तेलात मुरलेले पाणी मात्र सहजासहजी निघत नाही.

दाटपणाही तितकाच महत्त्वाचा. ३२, ४६, ६८ असे तेलावरील आकडे ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला दाटपणा दर्शवतात. तेल फार पातळ असल्यास भागांमधील थर टिकत नाही. फार दाट असल्यास ते थंड कॉइलमधून परतत नाही. त्यामुळे ‘दाट तेल म्हणजे अधिक संरक्षण’ हा समज चुकीचा ठरतो.

ग्राहकाने काय पाहावे?

मॉन्ट्रियल कराराच्या वेळापत्रकानुसार सर्व्हिसिंगचा अल्प कोटा वगळता २०३०पर्यंत विकसनशील देशांतूनही आर-२२ बाद व्हायचा आहे. त्यामुळे जुन्या एसीत पर्यायी गॅस भरण्याचा सल्ला मिळू शकतो. आर-४०७सीसारख्या गॅससाठी आधी जुने खनिज तेल काढून पीओई भरावे लागते. केवळ गॅस बदलणे पुरेसे नाही. आर-३२ आणि आर-२९० हे ज्वलनशील असल्याने त्यांच्यासाठी न बनवलेल्या यंत्रात ते भरूच नयेत.

कॉम्प्रेसरच्या लेबलवर किंवा उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेले तेल, त्याच दाटपणाचे आणि सीलबंद डब्यातील असावे, असा आग्रह धरावा. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसल्यास गॅसबरोबर तेलही गळत असल्याची शक्यता ध्यानात घ्यावी. अशा वेळी आधी गळती बंद करावी, मगच गॅस भरावा. कॉम्प्रेसर जळून गेला असेल, तर आम्ल झालेले जुने तेल नळ्यांतून पूर्ण काढून, फिल्टर बदलूनच नवा बसवावा. अन्यथा तोही त्याच वाटेने जातो आणि तेलात वाचवलेल्या चार पैशांपायी हजारोंचा भुर्दंड बसतो.