कान वाजतात तेव्हा



कुणाला काही नसताना काही ऐकू आल्याचा भास झाला, तर आपण सहज म्हणून जातो, "तुझे कान वाजले असतील!" म्हणणारा हसतो आणि विसरतो. पण ज्याचे कान खरोखरच वाजतात, रात्रंदिवस वाजतात, त्याला या बोलण्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. कुणाच्या कानात रातकिडे किरकिरतात, कुणाच्या कानात शिट्टी लांबत राहते, तर कुणी सांगतो, "डोक्यात भुंगा शिरलाय हो, बाहेर निघतच नाही." शेजारी बसलेल्याला त्यातले काहीएक ऐकू येत नाही. जखम दिसत नाही, ताप चढत नाही. मग घरचे म्हणतात, "तिकडे लक्ष देऊ नका." आता लक्ष न देणे जमले असते, तर त्या माणसाने तक्रार तरी कशाला केली असती?

ही तक्रार आजची नव्हे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की शंभर प्रौढ माणसांपैकी सुमारे १४ जणांना कानात असा नाद ऐकू येतो. पण त्याचा तीव्र त्रास होतो तो सुमारे दोघांनाच. म्हणजे हजार प्रौढांचे गाव धरले, तर १४० जणांना नाद आहे आणि त्यांतले २० जण त्याने हैराण आहेत. उरलेले १२० जण आपापली शेतीवाडी, नोकरीधंदा करून सुखाने झोपतात. हा फरक कशाने पडतो, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी हा नाद येतो कुठून ते पाहू. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात प्रत्येक कानामागे सुमारे १५ हजार नाजूक केसपेशी उभ्या असतात. आवाज आला की त्या डोलतात आणि मेंदूकडे वर्दी जाते. वाऱ्याने लवलेली ज्वारी वारा थांबल्यावर पुन्हा उभी राहते, पण वादळाने मोडलेले ताट काही उभे राहत नाही. या केसपेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजाने, वयाने, काही आजारांनी वा काही औषधांनी त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत.

मग मेंदूकडे जाणारी वर्दी क्षीण होते. आपण रेडिओवर लांबचे केंद्र लावतो तेव्हा काय करतो? आवाज वाढवतो. केंद्र थोडे बरे लागते खरे, पण त्याबरोबर खरखरही वाढते. मेंदूही काहीसे असेच करतो, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. कमी पडलेला आवाज मिळवण्यासाठी तो स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि आतलीच खरखर आपल्याला नाद म्हणून ऐकू येते. तेव्हा हा भ्रम नव्हे, वेडही नव्हे. नाद खरा आहे. त्याचा उगम मात्र बाहेर नाही.

१९५३ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांचे कान चांगले होते आणि ज्यांची काही तक्रार नव्हती, अशा ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत काही मिनिटे बसवले आणि काय ऐकू येते ते लिहायला सांगितले. शंभरात ९४ जणांनी कसला ना कसला आवाज लिहिला! म्हणजे पूर्ण शांततेत बहुतेकांना काहीतरी ऐकू येतेच. एरवी भोवतालच्या आवाजात ते बुडून जाते, इतकेच.

आता मुख्य प्रश्न. नाद किती गंभीर आहे हे ठरवायचे कसे? कुणीही म्हणेल, ज्याचा आवाज मोठा त्याचा त्रास मोठा. ऐकायला हे पटते, पण अनुभव निराळा आहे. श्रवणतज्ज्ञ यंत्रातून निरनिराळे आवाज ऐकवून, "तुमचा नाद याएवढा आहे का?" असे विचारतो. अशी बरोबरी लावली, की बहुतेकांचा नाद त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाहून पाच-दहा डेसिबलच वर निघतो. दोन माणसांच्या नादाचे माप सारखे येते; एक जण त्याला "असतो कधीमधी" म्हणतो, दुसऱ्याची झोप उडालेली असते. तेव्हा कानातला आवाज मोजून गंभीरपणा कळत नाही. त्या आवाजाने माणसाच्या दिवसातून काय काय हिरावून नेले, ते मोजावे लागते.

यासाठी १९९६ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी २५ प्रश्नांची एक यादी तयार केली. ती आज अनेक देशांत वापरली जाते. नादामुळे झोप लागायला त्रास होतो का, लक्ष लागत नाही का, चिडचिड होते का, माणसांत जाणे नकोसे होते का, असे ते प्रश्न आहेत. "होय"ला ४ गुण, "कधीकधी"ला २ आणि "नाही"ला शून्य. बेरीज १६ पर्यंत आली तर त्रास नाममात्र. नाद शांततेतच ऐकू येतो. १८ ते ३६ म्हणजे सौम्य. कामात माणूस तो विसरतो. ३८ ते ५६ म्हणजे मध्यम. भोवती आवाज असतानाही नाद जाणवतो, पण रोजची कामे होतात. ५८ ते ७६ म्हणजे तीव्र. झोप मोडते, कामे अडतात. आणि ७८ पासून पुढे अतितीव्र. परीक्षेत जास्त गुण चांगले असतात, इथे उलटे आहे, हे मात्र ध्यानात ठेवा.

ही यादी हाताशी नसली तरी घरच्या घरी पाच गोष्टी स्वतःला विचारता येतील. गेल्या आठवड्यात नादामुळे किती रात्री झोप मोडली? वाचताना, हिशेब करताना, शिकवताना किती वेळा चित्त उडाले? समोरच्याचे बोलणे समजायला अडचण आली का? मन खिन्न किंवा चिडखोर राहिले का? आणि नादापायी कोणते काम, कोणती भेट, कोणता कार्यक्रम टाळला? शेवटचा प्रश्न सर्वांत बोलका आहे. संगीतकार बेथोव्हनने १८०१ साली आपल्या एका डॉक्टर मित्राला पत्र लिहिले. आपले कान अहोरात्र गुणगुणतात असे त्यात तो सांगतो आणि जवळजवळ दोन वर्षे आपण लोकांत मिसळणे टाळले आहे, हेही सांगतो. त्याच्या नादाचे डेसिबल आज कुणी सांगू शकणार नाही, पण त्रास किती होता ते त्या दोन वर्षांवरून कळते. त्याच्या नऊ सिम्फनींपैकी आठ मात्र या पत्रानंतर पुऱ्या झाल्या, हेही विसरू नये.

उपायांकडे वळण्यापूर्वी काही धोक्याच्या खुणा. नाद एकाच कानात असेल. नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक वाजत असेल. कानातून पू येत असेल. चक्कर येत असेल. तोंड एका बाजूला वाकडे झाले असेल. किंवा डोक्याला मार बसल्यावर नाद सुरू झाला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावेच. एका कानाचे ऐकू येणे एकाएकी गेले, तर "दोन दिवस वाट पाहू" म्हणू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण या दुखण्यात पहिले काही दिवसच मोलाचे असतात. क्षयावरची काही इंजेक्शने, क्विनीन, मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन यांनीही कान वाजू शकतात. असे झाल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे; औषध आपल्या मनाने बंद करू नये. आणि नादाने जीव नकोसा झाला, असे कुणी म्हटले, तर ते बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत सरकारी दूरध्वनी २०२२ सालापासून सुरू आहे; तिथे बोलता येते.

कित्येकदा कारण साधे निघते. कानात मळ घट्ट बसलेला असतो, डॉक्टर तो काढतात आणि नाद थांबतो. मात्र काडी, पिन, किल्ली घालून घरी कान कोरू नये. कढवलेले तेल, लसणाचा रस ओतू नये. पडदा फाटलेला असला तर फार नुकसान होते.

आणि कारण दुरुस्त होण्यासारखे नसेल तर? "याला इलाज नाही," एवढे एकच वाक्य ऐकून पुष्कळ माणसे खचून घरी येतात. ते वाक्य अर्धेच खरे आहे. नाद हमखास बंद करणारी गोळी आज नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे सांभाळा. पण नादाचा त्रास कमी करता येतो, आणि आपण मघाशी मोजला तो त्रासच.

दारात नवा पाहुणा आला की कुत्रे भुंकते. घरची माणसे शांत राहिली तर तिसऱ्या दिवशी ते मानही वर करत नाही. पण पाहुणा येताच घरात धावपळ उडाली, तर कुत्रे रोज जास्तच भुंकेल. आपल्या मेंदूतला राखणदार असाच आहे. "मी बहिरा होणार, मला वेड लागणार," या भीतीने तो नादाला शत्रू समजतो आणि सतत कानोसा घेतो. हा धोका नाही, हे त्याला पटत गेले की नाद मागे सरतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपण दिवसभर कुठे ऐकतो?

यासाठी काय करावे? पहिली गोष्ट, अगदी निःशब्द जागा टाळा. रात्री पंखा चालू ठेवा किंवा रेडिओ हळू लावा. आवाज एवढाच असावा, की नाद त्यात बुडू नये, नुसता सौम्य व्हावा. दिवसभर कानात कापूस कोंबून बसू नका; बाहेरचे आवाज बंद झाले की आतला नाद मोठा वाटतो. दुसरी, ऐकणे कमी झाले असेल तर तपासणी करून श्रवणयंत्र वापरा. बाहेरचे आवाज नीट पोचू लागले की अनेकांचा नाद मागे पडतो. तिसरी, सकाळी उठल्याबरोबर "आज किती वाजतोय?" असे तपासत बसू नका. चौथी, झोपण्या-उठण्याच्या वेळा सांभाळा आणि सोडून दिलेले एखादे काम पुन्हा हाती घ्या. त्रास तीव्र असेल तर समुपदेशकाकडे जाऊन विचार आणि सवयी बदलण्याचा शास्त्रीय अभ्यास करता येतो. त्याला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. २०१४ साली अमेरिकेतील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या संस्थेने जी मार्गदर्शिका काढली, तिने या पद्धतीची शिफारस केली आहे. तिने नाद कमी होतोच असे नाही, पण त्याचा जाच कमी होतो. याला आठवडे, महिने लागतात. धीर धरावा लागतो.

शेवटी शिक्षकबंधू आणि भगिनींसाठी दोन शब्द. मोडलेली ज्वारी उभी करता येत नाही, पण वादळ पुष्कळदा आपणच बोलावतो. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती, कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब, यंत्रमागाची खटखट, मळणीयंत्र ही ती वादळे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालेल असे धरतात. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. माप हाताशी नसले तर साधी खूण अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की आवाज कानांना घातक समजावा. तिथून दूर व्हावे, नाहीतर कानात बोळे घालावेत. हे एवढे मुलांच्या मनावर बिंबवा. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी एखादा मुलगा "गुरुजी, कानात शिट्टी वाजतेय," असे म्हणाला, तर "कान वाजले असतील" म्हणून त्याला खाली बसवू नका. कान खरोखरच वाजत आहेत, आणि त्या शिट्टीचा अर्थ त्याला कळेल असे सांगणारे त्याच्याजवळ बहुधा तुम्हीच आहात.