व्हॅक्यूम क्लीनर

चोषणाच्या साहाय्याने जमीन, सतरंज्या, गाद्या, पडदे इत्यादींवरील धूळ व केर ओढून घेऊन तो पिशवीत किंवा डब्यात साठविणारे विद्युत् उपकरण. केरसुणीने जड केर गोळा होतो. परंतु सूक्ष्म धूळ हवेत उडते व काही वेळाने पुन्हा खाली बसते. ही धूळ हवेत पसरू न देता पकडणे, हा या उपकरणाचा मुख्य उपयोग होय. त्याच्या नावात निर्वाताचा उल्लेख असला, तरी त्यात संपूर्ण निर्वात निर्माण होत नाही. हवेचा दाब केवळ अंशतः कमी होतो.

इतिहास : ब्रिटिश अभियंते ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये चोषणावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. हे अवजड यंत्र घोडागाडीवरून नेऊन रस्त्यात उभे करीत आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. अमेरिकेत जेम्स मरी स्पँग्लर यांना घरगुती विद्युत् यंत्राचे पेटंट १९०८ मध्ये मिळाले. यूरोपात डेन्मार्कच्या निल्फिस्क (१९१०), स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स (१९२१) आणि जर्मनीच्या मीले (१९२७) व फोरवेर्क (१९३०) या कंपन्यांची यंत्रे पुढे आली. भारतात इलेक्ट्रोलक्सच्या सहकार्याने १९८२ मध्ये यूरेका फोर्ब्ज ही कंपनी स्थापन झाली. तिच्या विक्रेत्यांनी घरोघर प्रात्यक्षिके दाखविल्यामुळे हे उपकरण मध्यमवर्गीयांच्या परिचयाचे झाले.

रचना व कार्य : विद्युत् चलित्राने (मोटरीने) फिरणारा पंखा हवा बाहेर फेकतो, त्यामुळे नळीत दाब कमी होऊन मुखाशी हवेचा जोरदार प्रवाह निर्माण होतो. त्याबरोबर आलेली धूळ पिशवीत अडते किंवा चक्रवाती रचनेत केंद्रोत्सारी प्रेरणेने वेगळी होते. बाहेर जाणारी हवा शेवटी सूक्ष्म गाळणीतून जाते. ‘एच-१३’ या यूरोपीय वर्गाची गाळणी पकडण्यास सर्वांत कठीण अशा आकारमानाचे ९९·९५ टक्के कण अडविते. मात्र झाकणाच्या किंवा नळीच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर उत्तम गाळणीही निरुपयोगी ठरते.

टिकाऊपणाच्या कसोट्या : चलित्राचे वॉट हे विजेच्या वापराचे माप आहे, सफाईच्या क्षमतेचे नव्हे. यूरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून घरगुती यंत्रांची शक्ती ९०० वॉटपेक्षा कमी असण्याचे बंधन घातले. चलित्राचे आयुष्य किमान ५०० तास असावे व नळी ४०,००० आंदोलनांनंतरही वापरण्याजोगी राहावी, असेही त्याच नियमांत ठरविले गेले. रोज १५ मिनिटे वापर केल्यास ५०० तास सुमारे साडेपाच वर्षांत भरतात. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास वापरल्यास साडेनऊ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. ही किमान अट असल्याने निर्मात्याने याहून अधिक तासांची हमी दिली आहे काय, हे पाहणे इष्ट होय. घरगुती यंत्रांत सामान्यतः कार्बनाचे ब्रश असलेले चलित्र असते. हे ब्रश झिजतात. ते बदलता येतात की संपूर्ण चलित्रच बदलावे लागते, यावर यंत्राचे खरे आयुष्य अवलंबून असते.

यूरोपीय नाव म्हणजे यूरोपीय बनावट नव्हे. डायसन या ब्रिटिश कंपनीने आपले व्हॅक्यूम क्लीनरचे उत्पादन २००२ मध्ये मलेशियात हलविले. याउलट जर्मनीतील फेल्बर्ट येथील झेबो आणि इंग्लंडमधील चार्ड येथील न्यूमॅटिक या कंपन्यांनी उत्पादन स्वदेशातच राखले. म्हणून यंत्रावरील उत्पादनस्थानाची नोंद वाचावी.

नंदुरबार जिल्ह्यातील निवड : नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. हंगामात ओली लाल मिरची शहराच्या आसपासच्या मोकळ्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. वाऱ्याने उडणाऱ्या तिच्या भुकटीतील कॅप्सायसिनामुळे डोळे व श्वसनमार्ग चुरचुरतात. अशा ठिकाणी गाळणी सदोष असल्यास यंत्र खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत सोडते आणि ते वापरणाऱ्या व्यक्तीलाच तिचा त्रास अधिक होतो. त्यामुळे बंदिस्त सांधे, सूक्ष्म गाळणी व तोंड बंद करून टाकून देता येणारी पिशवी असलेले यंत्र योग्य ठरते. डब्याचे यंत्र रिकामे करताना हीच धूळ पुन्हा उडते. तथापि पिशव्या व गाळण्या नियमित मिळत नसतील, तर महागडे परदेशी यंत्रही वर्षभरात अडगळीत पडते. सुटे भाग सुरत, नाशिक किंवा मुंबई येथून मिळतात का, याची खात्री खरेदीपूर्वीच करावी. ती न झाल्यास जवळ दुरुस्ती होणारे साधे यंत्र अधिक विश्वसनीय होय.

यूरोप व भारत येथील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असल्याने यंत्र चालण्यास अडचण येत नाही. प्लग मात्र बदलावा लागतो. दुहेरी विद्युत् निरोधन असलेल्या यंत्रास अर्थिंगची गरज नसते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे यंत्र वापरू नये, कारण चोषणाने पोपडे सुटतात; तेथे केरसुणीच उपयुक्त ठरते. चुलीतील राख, निखारे व पाणी यांसाठी कोरडे घरगुती यंत्र धोक्याचे असते.

मिरची कांडपाच्या कारखान्यांत घरगुती यंत्र मुळीच वापरू नये. हवेत दाट पसरलेली सेंद्रिय भुकटी ठिणगीने पेट घेऊ शकते आणि ब्रशाच्या चलित्रात ठिणग्या पडतात. तेथे ज्वालाग्राही धुळीसाठी प्रमाणित केलेले, स्थितिक विद्युत् जमिनीत वाहून नेणारे औद्योगिक यंत्रच आवश्यक असते.